साठ भाज्यांचा नैवेद्य, पण शिवार कुणाचं?

२०२५ साली पौष पौर्णिमा आणि भोगी एकाच दिवशी आली, १३ जानेवारीला. बेळगावच्या गणपत गल्लीत, भाजीबाजारात, पाय ठेवायला जागा नव्हती. भोगीच्या भाजीचे वाटे लावून बसलेल्या बायका, आणि त्यांच्यामधून याद्या घेऊन फिरणाऱ्या आमच्यासारख्या शाकंभरीवाल्या. आमची कुलदेवता बदामीची बनशंकरी, म्हणजेच शाकंभरी. पौर्णिमेला घरी साठ भाज्यांचा नैवेद्य असतो. सासूबाई एका वाटीत शाळूचे साठ दाणे मोजून घेतात. एक भाजी निवडून झाली की एक दाणा वाटीतून ताटात. त्या दिवशी अकराच्या सुमाराला वाटीत तेरा दाणे उरले होते आणि माझ्या पिशव्या रिकाम्या झाल्या होत्या.

मग मी तेच केलं जे हल्ली सगळ्या करतात. एका मोठ्या वातानुकूलित दुकानात गेले आणि थर्माकोलच्या तबकात प्लास्टिक ताणून बसवलेल्या भाज्या उचलल्या. ब्रोकोली, झुकिनी, बेबी कॉर्न, चेरी टोमॅटो, लेट्यूस, असलंच काहीबाही. लाल ढब्बू आणि पिवळी ढब्बू या दोन वेगळ्या भाज्या आहेत असं मी स्वतःच ठरवून टाकलं. दाणे संपले, साठ भरल्या. सासूबाईंनी झुकिनी उलटीसुलटी करून बघितली.

"काकडी की गं ही. काकडी मोजून झालीय सकाळीच."

"काकडी नव्हे ती."

"मग काय म्हणायचं हिला? कुठं पिकते?"

पाकिटावर किंमत होती, वजन होतं, तारीख होती. कुठं पिकली ते नव्हतं.

तेव्हापासून माझं एक मत झालंय आणि ते घरात, भिशीत, देवळाच्या ओट्यावर सांगून थोडंफार भांडणही ओढवून घेतलंय. शाकंभरीच्या नैवेद्यात आपल्या शिवारात पिकलेली भाजीच मोजावी. घरी तर मोजावीच, पण त्याहून देवळात मोजावी. साठाच्या चाळीस झाल्या तर चाळीस म्हणाव्यात. आकडा भरून काढायला बाहेरचं आणून घालू नये, आणि खरा आकडा देवळाबाहेर फळ्यावर लिहावा, सगळ्यांना दिसेल असा.

"देवीला कमी कशाला?" हा पहिला प्रश्न येतो. म्हणून आधी देवीचीच गोष्ट बघू. सप्तशतीच्या अकराव्या अध्यायात देवी पुढच्या अवतारांबद्दल बोलते. शंभर वर्षं पाऊस पडणार नाही, पाणी आटेल, तेव्हा मी येईन, शंभर डोळ्यांनी ऋषींकडे बघेन, म्हणून लोक मला शताक्षी म्हणतील. देवीभागवतात तर ती त्या डोळ्यांनी नऊ रात्री रडते आणि त्या पाण्याने नद्या भरतात. त्यापुढचा शब्द आपण पोथी वाचताना गडबडीत ओलांडून जातो. देवी म्हणते, 'आत्मदेहसमुद्भवैः', माझ्या स्वतःच्या अंगातून उगवलेल्या शाकांनी मी जग पोसेन. आणि कुठवर? 'आवृष्टेः', पाऊस येईपर्यंत. त्या शाकांना विशेषण आहे 'प्राणधारकैः', जीव धरून ठेवणाऱ्या. शाकांनी पोसते म्हणून ती शाकंभरी. गोष्ट एवढीच. यात साठ नाही, एकशे आठ नाही, आरास तर नाहीच नाही. तिच्या अंगावर उगवलं ते तिने दिलं, बाजारातून आणून दिलं नाही. तिचं अंग म्हणजे काय, हे आपल्या भागात कुणाला समजावून सांगायची गरज पडू नये. लोकसंस्कृतीचे अभ्यासक रा. चिं. ढेऱ्यांनी रेणुकेचं नातं मातीशी आणि वारुळाशी कसं आहे ते सविस्तर दाखवून दिलंय. पण सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माला, म्हणजे रेणुकेलाच, भंडारा उधळणाऱ्या बाईला ते कुणी दाखवावं लागत नाही.

आकडा माणसांनी घातला, आणि मला वाटतं, फार विचार करून घातला. बदामीजवळच्या चोळचगुड्डला बनशंकरीच्या देवळात रथाच्या आदल्या दिवशी पल्लेद हब्ब असतो, म्हणजे भाज्यांचा सण. एकशे आठ भाज्यांचे प्रकार देवीपुढे ठेवतात. पल्ले हा कानडी शब्द ऐकला की मराठी कानाला पाला आठवतोच. दुसऱ्या दिवशी पौर्णिमेला रथ, आणि मग कितीतरी दिवस चालणारी जत्रा, नाटक कंपन्यांचे तंबू, बैलांचा बाजार. देवीचं नाव बनशंकरी, बनातली. ती पौर्णिमाही 'बनद हुण्णिवी', आणि त्याच दिवशी आपल्या सौंदत्तीचा डोंगरही माणसांनी भरून जातो. आज उभं आहे ते बनशंकरीचं देऊळ अठराव्या शतकात परशुराम आगळे नावाच्या मराठा सरदाराने बांधवलं. हे मुद्दाम सांगतेय, कारण 'ती कानड्यांची देवी' असं आपल्यातलं कुणीतरी म्हणतंच. साताऱ्यापासून सोलापूरपर्यंत जिची घराणी पसरलेली आहेत, तिला कुठल्या बाजूची म्हणायचं? तिलाच कुलदेवता मानणाऱ्या आमच्या शहापूर-वडगावच्या देवांग विणकरांना विचारलं तर ते माग थांबवायचे नाहीत, नुसते हसतील.

आणि नदी बघा. मलप्रभा उगवते खानापूर तालुक्यात कणकुंबीला, माउलीच्या देवळापाशी. तिथून ती खानापूर करत सौंदत्तीला येते, नविलुतीर्थाच्या धरणात अडते आणि पुढे बदामीच्या मुलखातून पट्टदकल ऐहोळे करत कूडलसंगमाला कृष्णेत मिळते. म्हणजे कणकुंबीच्या रानातली माउली, यल्लम्मा आणि बनशंकरी एकाच पाण्यावर. वरती जंगल आणि धो धो पाऊस, खालती काळी रानं आणि पावसाची वाट बघणारी माणसं. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात जे जिल्हे होरपळले त्यांत बेळगाव होतं, आणि त्या वेळचा कलादगी जिल्हा होता, ज्यात बदामी येत होती. घोळ, टाकळा, कुर्डू ही नावं अशा वर्षी चवीची राहत नाहीत. शाकंभरीची गोष्ट या मुलखाने पोथीतून नव्हे, पोटातून शिकलेली आहे.

आता पौष महिना धरून मागेपुढे बघा. पौर्णिमेच्या पंधरा दिवस आधी मार्गशीर्ष अमावास्या, कानडीत 'येळ्ळ अमावास्या'. गाडीत डबे भरून सगळं घर शेतात जातं, भाकरी, भाजी, कडबू, आंबील, आणि जेवायच्या आधी चारी बाजूंनी शिवारात चरग, म्हणजे त्याच अन्नाचा नैवेद्य, शिंपडला जातो. तिकडे लातूर-धाराशिवकडे हीच अमावास्या 'वेळ अमावास्या' झाली, आणि कानडीचा एक शब्द न येणारे मराठी शेतकरी 'ओलगे ओलगे सालम पलगे' म्हणत ज्वारीतून फिरतात. मग येते भोगी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि पावटा, गाजर, हरभरा, वांगं, जे रानात आहे ते सगळं एका पातेल्यात. मग शाकंभरीची पौर्णिमा. (अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंत तिथ्या आठच भरतात, तरी आपण त्याला नवरात्र म्हणतो. हिशेबात देवीच्या बाबतीत आपण पहिल्यापासूनच सढळ.) महिन्याभरात तीनदा एकच गोष्ट चालली आहे. शिवारात आत्ता काय काय आहे ते गोळा करा, मोजा, मातीला थोडं परत द्या आणि मग जेवा.

मलनाडात, शिमोग्याकडे, भूमी हुण्णिवीला रात्रीच रानातून कोवळे पाले खुडून आणतात, सगळे एकत्र शिजवून पहाटे शेतात उधळतात. तेव्हा म्हणायचं जे आहे त्याचा अर्थ असा, की डोंगरावरचे एकशे एक कोंब भूमातेने जेवून जावेत. डोंगरावरचे कोंब! भूमातेला तिच्याच डोंगरावरचे एकशे एक.

म्हणून मला हे आकडे म्हणजे पुण्याचा दर वाटत नाहीत. ती वर्षातून एकदा होणारी मोजदाद आहे. गावकामगार तलाठी पिकांची नोंद करतो तशी बायांनी केलेली. साठ भाज्या भरायच्या तर नुसती मेथी, वांगी, कोबीज करून भागत नाही. पंचविसाच्या पुढे बाजारातल्या नेहमीच्या भाज्या संपतात. तिथून खरी परीक्षा सुरू होते. मग आठवते हरभऱ्याचे शेंडे खुडून केलेली भाजी, करडईचा पाला, मुळ्याचा आणि मोहरीचा पाला, चाकवत, चंदनबटवा, चुका, घोळ, तांदुळजा, पुंडी. पुंडी म्हणजे आपली अंबाडी, पण बेळगावात पुंडी म्हटल्याशिवाय तिला आंबटपणा येत नाही. मग शेवग्याची पानं एक, फुलं दोन, शेंगा तीन. केळफूल, कच्ची केळी. भोपळ्याच्या वेलाचे कोवळे शेंडे. सुरण, रताळी, ओली हळद. तुरीच्या ओल्या शेंगा. सासूबाई म्हणतात त्यांच्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी त्यांच्या सासूने त्यांना सकाळी टोपली देऊन मळ्यात पाठवलं होतं आणि सांगितलं होतं, "पन्नास हिथंच मिळत्यात, दहा शेजारनं आण." दहा शेजारनं! म्हणजे हे एकट्या घराचं कामच नव्हतं. हिच्या परसात हदगा, तिच्या बांधावर घोळ, पलीकडे आळू. देवाणघेवाण केल्याशिवाय साठ होणारच नव्हत्या.

बांधावरची घोळ कुणी पेरत नाही. ती असते, बांध असेल तर.

आता देवळांकडे येऊ. अलीकडे शाकंभरीची आरास करायची मोठी हौस आलीय. गाभाऱ्यात भाज्यांची कमान, देवीला हिरव्या मिरच्यांचा हार, कोबीजचे खांब, गाजरांचं झुंबर. फोटो फार सुंदर येतात. त्याच्या आड मी नाही. बरीच देवळं दुसऱ्या दिवशी भाजी वाटूनही टाकतात, काही ठिकाणी महाप्रसादात घालतात, ते चांगलंच. पण एका ठिकाणी मला प्रसाद म्हणून जे वांगं मिळालं त्याच्या देठापासून बुडापर्यंत बारीक आरपार भोक होतं. आत बाइंडिंगच्या तारेचा तुकडा राहिलेला. ते वांगं शिजवता आलं नाही. देवीच्या नावाने जन्माला आलेली एक भाजी, तिचा हार झाला, फोटो झाला, आणि शेवटी गायीपुढेही टाकता येईना, कारण तार पोटात गेली तर गाय जायची. 'प्राणधारकैः' या शब्दाची याहून वाईट थट्टा मला सुचत नाही.

आणि एवढ्या भाज्या येतात कुठून? आरास करणाऱ्या एकाला विचारलं तर म्हणाला, "टेम्पो लावतो की, एका फोनवर येतंय सगळं." एका फोनवर येतं यात त्याला कौतुक वाटत होतं. मला वाटतं, दुखणं तिथंच आहे. जो सण हात मातीत घातल्याशिवाय होत नव्हता, तो फोनवर व्हायला लागला, आणि तरीही आकडा दरवर्षी पुरा होतो. शिवार निम्मं झालं तरी एकशे आठ, धरण आटलं तरी एकशे आठ. जी मोजदाद कधी कमी भरतच नाही ती मोजदाद कसली?

इथं एक चांगला आक्षेप येतो, आणि तो माझ्याच भाच्याने घेतला. तो कृषी शिकतोय. म्हणाला, "मामी, बटाटा, टोमॅटो, मिरची, ढब्बू हे सगळं अमेरिकेतून आलंय, पोर्तुगीज घेऊन आले. तुझी रताळीसुद्धा परदेशीच. मग ब्रोकोलीनेच काय घोडं मारलंय?" खरं आहे त्याचं. उपासाला चालणारी रताळी समुद्रापलीकडची आहेत आणि देवीच्या जेवणातली मिरचीही. पण मी परदेशी नको म्हणतच नाहीये. बेळगाव तालुक्याचा पश्चिम भाग आणि खानापूरची तांबडी माती रताळ्यांनी अशी काही आपलीशी केली की आज इथलं रताळं ट्रकांनी उत्तरेकडे जातं, महाशिवरात्रीच्या आणि नवरात्राच्या तोंडावर तर मार्केट यार्डात रताळ्यांच्या पोत्यांच्या थप्प्या लागतात. त्या रताळ्याला आता कोण परकं म्हणेल? वंश बघायचा नाही, मूळ कुठं रुजलंय ते बघायचं. उद्या कडोलीच्या एखाद्या पोराने ब्रोकोली लावली तर ती पहिल्या मानाची. तिचा दाणा मी स्वतः टाकीन ताटात. पाकिटात गुंडाळलेल्या, गाव नसलेल्या भाजीचा मात्र टाकणार नाही.

आणि हे म्हणताना मी काही ओसाड मुलखात बसून म्हणत नाहीये. बेळगावच्या चारी बाजूंना भाजीचंच शिवार आहे. कडोली, कंग्राळी, हिंडलगा, येळ्ळूर, हलगा, बसवन कुडची, कुठल्याही दिशेने जा. रात्री चोर्ला घाटातून ज्या गाड्या उतरतात त्या गोव्याची सकाळची भाजी घेऊन उतरतात. गोवा सरकारचं फलोत्पादन महामंडळ आपल्या गाड्यांवर स्वस्तात विकतं त्या भाजीतली कितीतरी आपल्याकडची. पावसात गाडी अडली की पणजीत कोथिंबिरीचा भाव चढतो. म्हणजे एका अख्ख्या राज्याला जेवू घालणारं हे शिवार. शाकंभरीचं याहून मोठं देऊळ कुठं दाखवता येईल? आणि त्याच गावातल्या आम्हा बायकांना साठ भाज्या भरायला तबकातली झुकिनी आणावी लागते.

शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूरच्या शिवारात पूर्वी घमघमणारा बेळगाव बासमती पिकायचा. अजूनही पिकतो, पण ज्याला पाहिजे त्याने ओळखीने मिळवायचा. बळ्ळारी नाल्याला पावसाळ्यात फुगवटा आला की तेच शिवार दिवसच्या दिवस पाण्याखाली, आणि तो नाला शहराचं सांडपाणी वाहून आणतो. वरून हलगा-मच्छे बायपास. शेतकरी कितीतरी वर्षं कोर्टात लढले. तरी २०२१ च्या नोव्हेंबरात पोलीस बंदोबस्तात उभ्या पिकांत जेसीबी घातले. ज्यांनी ते बघितलं त्यांना सांगायला नको, ज्यांनी नाही बघितलं त्यांना सांगून पटत नाही. आता रिंगरोडच्या नोटिसांचं भय आहेच. रस्ता नकोच असं मी म्हणणार नाही, गोव्याची भाजीसुद्धा रस्त्यावरूनच जाते. पण तिबार पिकाची काळी जमीन आणि खडकाळ माळ यांतला फरक ज्याला नकाशावर दिसत नाही, त्याने आखलेल्या रेघेला मी विकास म्हणायला तयार नाही.

फळा लावून जेसीबी थांबणार आहे का? नाही थांबणार. एवढी भाबडी मी नाही. पण नुकसान दिसायला तरी लागेल. आपल्याकडे जमीन गेली की ती गुंठ्यांत आणि भरपाईच्या रकमेत सांगतात. गुंठे आणि रुपये दोन्ही शहरातल्या माणसाला कळत नाहीत, म्हणजे कळतात पण टोचत नाहीत. देवळाबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहिलं असेल, 'यंदा आपल्या शिवारातल्या भाज्या ५२', आणि पुढच्या वर्षी '४६', तर दर्शनाच्या रांगेत उभा असलेला माणूस विचारेल, सहा कुठं गेल्या? त्यातल्या दोघी-तिघींना माहीत असेल. चुका कुणी लावत नाही, चंदनबटव्याचं बी मोडलं, पलीकडचा बांध रस्त्यात गेला. गोष्ट सुरू होईल. भाज्यांची नावंही फळ्यावर लिहावीत, मराठीत आणि कानडीत शेजारी शेजारी. घोळ आणि गोळी, शेपू आणि सब्बसगी, अंबाडी आणि पुंडी.

हो, फळा दोन भाषांत म्हटल्यावर भिवया वर गेल्या असतील. इथं फळ्यावरची भाषा म्हणजे जन्मभराचं दुखणं. १९५६ पासून आपण दर १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळतो, २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि मराठी फलकासाठी केसेस अंगावर घेतलेली माणसं माझ्याच गल्लीत राहतात. त्यांच्याबद्दल मला आदरच आहे, मराठीचा आग्रह मी सोडणार नाही. पण एवढं मात्र म्हणेन, शिवार वाचवायच्या वेळी हिरव्या शाली पांघरलेले कानडी रयत संघटनेचे लोक आमच्या मराठी शेतकऱ्यांच्या बाजूला येऊन उभे राहिले. त्या बांधावर कुणी कुणाला भाषा विचारली नाही. देवळाचा फळा हा सरकारी फलक नव्हे. तिथं 'मेथी' आणि 'मेंत्ये' शेजारी बसल्या तर कुणाचं काय बिघडतं? बाजारात त्या एकाच पाटीत बसतात.

देवस्थान कमिटीवाल्यांचा शेवटचा बचाव मला ठाऊक आहे, कारण मी तो समोरासमोर ऐकलाय. "ताई, भक्त देणगी देतात ते एकशे आठ बघून देतात. चाळीस लिहिलं तर म्हणतील, कमिटीने पैसे खाल्ले." याला मी हसले, पण त्यात तथ्य आहे. आकडा कमी झाला की संशय माणसावर जातो, मातीवर जात नाही. म्हणून तर फळा पाहिजे, नुसता कमी नैवेद्य नको. कमी का आहे ते लिहा. देणगीदाराला सांगा, तुझ्या पैशाची आम्ही आरास केली नाही, अमक्या गावच्या बाईकडून चुक्याची आणि चाकवताची भाजी आगाऊ पैसे देऊन पेरून घेतली. माझी खात्री आहे, निम्मे देणगीदार खूश होतील. उरलेल्या निम्म्यांनी झुंबर करावं बापडं, पण बिनतारेचं.

सासूबाईंना पटवणं याहून अवघड गेलं. २०२६ ला पौर्णिमा ३ जानेवारीला आली, भोगीच्या आधीच. या खेपेला मी आधीच सांगून टाकलं की इथं पिकलेलं तेवढंच आणणार. त्या काही बोलल्या नाहीत. दाणे मात्र साठच मोजून घेतले, नेहमीसारखे. दुपारी एकपर्यंत ताटात एक्केचाळीस गेले. मग त्यांनी ओल्या हळदीचा एक दाणा टाकला, परसातल्या कढीपत्त्याचा एक, लसणाच्या पातीचा एक. चव्वेचाळीस. उरलेले सोळा दाणे त्यांनी वाटीतच ठेवले आणि वाटी नैवेद्याच्या ताटाशेजारी देवीपुढे ठेवली. मी विचारलं, हे काय? म्हणाल्या, "बघू दे की तिलाबी."

दुसऱ्या दिवशी मी गणपत गल्लीत माझ्या नेहमीच्या भाजीवालीकडे गेले. येळ्ळूरकडून येते, पंधरा वर्षं तिच्याकडूनच घेते. तिला यादी वाचून दाखवली, चुका, चाकवत, चंदनबटवा, घोळ, राजगिऱ्याचा पाला. म्हटलं अक्का, पुढच्या वर्षी पौर्णिमेला एवढ्या तुझ्याकडून पाहिजेत. तिने मेथीची पेंढी बांधता बांधता माझ्याकडे बघितलं.

"पुनवेला पाहिजे म्हणून पुनवेच्या आदल्या दिशी सांगून कसं चालंल? तुळशीच्या लग्नाला येऊन सांगा. पेरायला नको काय?"

मग थोडं थांबून म्हणाली, "आणि चंदनबटव्याचं बी कुणाकडं आहे ते बी तुम्हीच हुडका. माझ्याकडचं संपलं."